पाठमोरी देखरेख

बाई माझ्यावर देखरेख करायच्या त्या माझ्याकडे पाठ करून. समोर बसून देखरेख करणारे मार्गदर्शक मी कॉलेजात पुष्कळ पाहिले होते. त्यातले निम्मे मोबाइलमध्ये डोकं घालून असायचे, हा भाग वेगळा. पण मी काम सुरू केलं की मुद्दाम उठून, वळून, भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या या एकट्याच. पहिल्या दिवशी मला वाटलं बाई रुसल्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपल्याला घामाचा वास येत असेल. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं.

"समोर बसले तर तू माझ्या तोंडाकडे बघून काम करशील," बाई म्हणाल्या. "माझी भुवई हलली की तुझा हात हलेल. मग अभ्यास माझ्या भुवईचा होईल."

"पण तुम्हाला दिसणार कसं?"

"दिसायचंय काय? माणूस चालतो ते ऐकायचं असतं."

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक ऐच्छिक विषय होता. निरोगी वार्धक्य आणि पुनर्वसन, देखरेखीखाली स्वतंत्र अभ्यास. एक सत्रभर एकाच वयस्कर माणसाबरोबर काम करायचं, वही ठेवायची, शेवटी अहवाल द्यायचा. मी तो निवडला तो म्हाताऱ्या माणसांच्या ओढीने नव्हे. माझं घर रोह्याजवळ वरसेला, कॉलेज लांब, आणि हा विषय घरी राहून करता येत होता, एवढंच. ऑफिसातल्या मॅडमनी देखरेखीसाठी पेणच्या बाईंचं नाव दिलं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सगळी नोकरी काढून बाई निवृत्तीनंतर आपल्या गावी, पेणला, येऊन राहिल्या होत्या. नाव लिहून देताना मॅडम म्हणाल्या, "याआधी दोघी गेल्या होत्या त्यांच्याकडे. दोघींनी विषय बदलला."

पहिल्या मजल्याचा जिना चढून मी बेलकडे हात नेला तोच आतून आवाज आला, "उजवी चप्पल घासतेस. दार उघडंच आहे." मी खाली पाहिलं. उजव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने खरंच झिजलेली होती. दोन वर्षं ती चप्पल माझ्या पायात होती आणि मला पत्ता नव्हता. मला त्यांचा धाक वाटायला लागला तो तिथे, दाराबाहेरच.

बाईंच्या घरात खुर्ची नव्हती. सोफा नाही, स्टूल नाही, पलंगही नाही. येईल त्याने खाली बसायचं. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा कसल्याशा कागदावर सही घ्यायला आले आणि बसले. मग उठायची वेळ आली तेव्हा ते उठायला तयार होते, गुडघे तयार नव्हते. बाईंनी हात दिला नाही. "कुशीवर वळा. आता एक गुडघा. घाई कुठे आहे?" असं करत करत त्यांना उभं केलं आणि मगच सही दिली. पुढच्या वेळी सेक्रेटरींनी मुलीला पाठवलं. बाईंनी तिलाही बसवलं.

बाई स्वतः पंच्याहत्तरीच्या. भांग मधोमध, केस कापलेले, अंगात सुती सलवार-कमीज, डाव्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं बाप्याचं घड्याळ. जमिनीवर पान मांडून जेवायच्या आणि जेवून उठताना कुठेही हात न टेकता सरळ उभ्या राहायच्या. उभं राहिल्यावर स्वतःशीच म्हणायच्या, "आज पण." शाळेत हजेरी दिल्यासारखं. मी बावीस वर्षांची, मला ते जमेना. पहिल्या दिवशी मी भिंत धरून उठले तेव्हा बाईंनी नुसतं "हं" केलं.

'बरं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. 'बरं', 'हो बाई', 'चालेल' हे समोरच्याने म्हणायचं. सरळ उत्तरही त्या कधी द्यायच्या नाहीत. काहीही विचारलं की उलट प्रश्न यायचा. वहीसाठी त्यांनी तीन नियम घालून दिले होते. जे पाहिलं-ऐकलं तेच लिहायचं, लिहिलेलं खोडायचं नाही, आणि 'पेशंट' हा शब्द वापरायचा नाही.

"मग काय लिहू?"

"मालक लिही. शरीर कुणाचं आहे?"

याच्यामागे त्यांच्या घरची कथा होती. बाईंच्या आजोबांची खाडीलगत बरीच जमीन होती, ती कुळकायद्यात गेली. घरातली माणसं वर्षानुवर्षं त्याबद्दल हळहळत राहिली. बाई तेव्हा लहान. "मला मात्र तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणायच्या, "आमचे आजोबा छत्री धरून बांधावर उभे, आणि चिखलात उभी ती माणसं. मालक कोण, हे विचारायची गरज होती का?" एवढ्या वर्षांत त्यांनी म्हणे एकाही माणसाला पेशंट म्हटलं नव्हतं. हॉस्पिटलात त्यावरून लेखी खुलासाही मागितला होता.

दर गुरुवारी बाई देखरेखीसाठी सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला यायच्या. मी त्यांना घ्यायला स्टेशनवर. परतीच्या गाडीला उशीर असला की बाकावर लोकांकडे पाठ करून बसायच्या आणि नुसत्या पावलांवरून माणसं सांगायच्या. "हा कंपनीतला. दिवसभर सेफ्टी शूज घातलेत, आता चप्पल आहे तरी पाय तसाच जड उचलतोय." मी वळून बघायची. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात डबा. "या बाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं." आता हे पावलांवरून कसं कळावं? मी धावत जाऊन त्या बाईंना गाडीची वेळ विचारली, तर त्यांनी उजवा कान पुढे केला. मला रात्री जेवण जाईना. माणसाला इतकं ऐकू येत असेल तर त्याने जगायचं कसं, असं वाटलं.

माझ्या वाट्याला आलेली मालकीण म्हणजे हिराआजी. पेणच्या खाडीकडच्या गावातली, जन्म मिठागरात गेलेला. नवरा गेल्यावरही ती गावच्या घरात एकटी राहायची आणि दिराच्या माणसांबरोबर मीठ पिकवायची. तिचा मुलगा दिनेश इकडे कंपनीत, त्याने वरसेला घर बांधलं. वास्तुशांतीला आजी आली आणि नव्या कोऱ्या चकचकीत टाइल्सवर पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून खुब्याचा बॉल बदलला. तेव्हापासून सहा महिने ती त्याच टाइल्सवर वॉकर धरून होती.

पहिल्या दिवशी मी नेहमीचं विचारलं, "आजी, काय त्रास होतो?"

"तरास काय नाय गो. मना घरा जायाचं हाय."

"हेच घर की आता!" दिनेश म्हणाला.

आजी त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "दिवाली झाली का मिठाच्या आगराचा तळ तुडवतान. तवा मना तिकरं पायजे."

दिनेश वाईट माणूस नव्हता. आई आपल्या घरात पडली हे त्याच्या मनातून जात नव्हतं. गावात ती परत पडली तर उचलायला कोण, हा त्याचा प्रश्नही बरोबर होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुमचा अभ्यास संपला की लिहून द्या, आई एकटी राहू शकते का नाय. तुम्ही हो लिहा, मी सोडतो. नाय लिहा, मी गावचं घर बंद करतो, मिठागराचा हिस्सा काकाच्या पोरांना देतो. मग आईपण गप होईल."

म्हणजे माझ्या सत्राच्या अहवालावर एका बाईचं घर ठरणार होतं. मी हे बाईंना सांगितलं, वाटलं आता तरी त्या वळून बसतील. बाई म्हणाल्या, "म्हातारपण म्हणजे तरी दुसरं काय? देखरेखीखालचा स्वतंत्र अभ्यास. देखरेख करायला सगळे धावतात, अभ्यास कुणी करू देत नाही." आणि पिशवीतून भिजवलेले वाल काढून भिंतीकडे तोंड करून सोलायला बसल्या.

ते वाल म्हणजे माझा जीव की प्राण झाले होते. बाई बोलायच्या नाहीत, पण सोलायच्या. सालाचा चुट् चुट् असा बारीक आवाज येत राहायचा. मध्येच तो थांबला की मी समजायची, बाईंनी काहीतरी ऐकलं. काय ऐकलं ते मात्र आपलं आपण शोधायचं.

आता माझी हुशारी सांगते. पहिल्याच दिवशी मी वहीत लिहिलं होतं: पावलं सपाट पडतात, बोटं फाकतात व जमीन आवळतात, टाच आधी टेकत नाही, चालण्याची पद्धत सदोष. आम्हाला शिकवलेलं चालणं म्हणजे आधी टाच, मग तळवा, मग बोटं. मी आजीला ते शिकवायला घेतलं. रबरी तळाची चप्पल आणली. हॉलमध्ये फेऱ्या मारताना मी म्हणायची, "टाच, बोटं. टाच, बोटं." आजी माझ्यामागून म्हणायची, "टाच, बोटं." एवढी गुणी मालकीण कुणाला मिळाली नसेल. सांगितलेलं सगळं करायची, आणि दर आठवड्याला आधीपेक्षा वाईट चालायची. उभं राहायला जास्त वेळ, वळायला जास्त वेळ. मी दोष वयाला दिला, ऑपरेशनला दिला, टाइल्सना दिला.

तिसऱ्या गुरुवारी आजी स्वयंपाकघराच्या दाराशी वळली, टाच टाकली, आणि वॉकरसकट गेली. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून धरली. वाल सोलणं थांबलं होतं ते ती वळायच्या आधीच, हे मला नंतर आठवलं. दिनेश नेमका शिफ्टवरून येऊन दारात उभा होता. तो बूट काढत राहिला. मग म्हणाला, "ताई, लिहून टाका आता. कशाला लांबवायचं?" आजी खाली बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर बरं वाटलं असतं.

स्टेशनला जाताना मिनिडोर रिक्षात मी बाईंवर पहिल्यांदा आवाज चढवला. "काय चुकतंय ते तुम्हाला ठाऊक होतं!"

"ठाऊक नव्हतं. ऐकू येत होतं. पहिल्या दिवशी हिराबाईंची टाच वाजत नव्हती. आता वाजते."

"मग तीन आठवडे गप्प का बसलात? पडल्या असत्या त्या!"

"पडू द्यायचं नाही यालाच देखरेख म्हणतात. तू धरलंस ना? चुकूही द्यायचं नाही, असं कुठे लिहिलंय?" मग थोड्या वेळाने, मिनिडोरच्या खडखडाटात मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "ठाऊक कुणाला आहे, ते तू विचारलंस का?"

मला इतका राग आला होता की मी त्यांना गाडीत बसवायलाही थांबले नाही. घरी येऊन पडले. पडल्या पडल्या ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आणि मग कानशिलं तापली. तीन आठवड्यांत मी आजीला तिच्या पायांबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, "आजी, मिठागरात कशी चालायचीस तू?"

आजीने आधी दिनेश घरात नाही ना ते पाहिलं. मग हाताचा पंजा टाइलवर ठेवला, बोटं फाकवली. "अशी टेकायची सगली. मंग बोटांनी चिखलाला इचारायचं, धरतोस का. धरतो म्हनला का वजन टाकायचं. टाच आधी टाकलीस का गेलीस उतानी."

"मग मी टाच टाक म्हणत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू शिकलेली पोर गो. मना वाटलं, चालायची पन नवीन रीत निंगाली असंल."

मी भिंतीला टेकून बसून राहिले. सत्तर वर्षं ज्या पायांनी चिखलाशी बोलणं केलं, ते पाय मी तीन आठवड्यांत मुके करून टाकले होते. वर वहीत त्यांना सदोष लिहिलं होतं. खोडायचा नियम नव्हता. मी त्या नोंदीखाली लिहिलं, 'सदोष कोण?'

पुढचं मी कुणाला न विचारता केलं. दिनेशच्या घरामागे मोकळी जागा होती. तिथे चिकण माती आणून दहा-बारा पावलांची पट्टी केली, भिजवली, दोन्ही बाजूंना बांबू बांधले. शेजारची मंडळी जमली, कुणी विचारलं, "काय लावताय, भेंडी?" आजीची चप्पल काढली. पहिल्यांदा तिने मातीत पाय ठेवला तेव्हा तिची बोटं एकेक करून उघडली आणि तिने डोळे मिटून घेतले. मी बांबूच्या बाहेर, हात तयार ठेवून. ती चालली. हळू, पण चालली. वळलीसुद्धा.

त्या गुरुवारी बाई येऊन मागच्या पायरीवर, घराकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. तासभर वाल सोलण्याचा आवाज एकदाही थांबला नाही. निघताना त्यांनी सोललेल्या वालांचं भांडं माझ्या हातात दिलं. शाबासकी म्हणून मला पुढे बरंच काही मिळालं, पण तसली वालाची उसळ मी परत खाल्ली नाही.

दिवाळी झाली. मिठागराचा तळ पावसाळ्यात मऊ होतो. पाणी काढून, बायामाणसं एका रांगेत एकमेकांच्या खांद्यांना धरून तो अनवाणी तुडवतात. तुडवून टणक झाला तर मीठ पांढरं येतं, नाहीतर मिठाबरोबर माती वर येते. तळ झाला की कच्चा आहे, हे हिराआजी पायाने सांगायची आणि तिचा शब्द गावात चालायचा. बाई दिनेशला म्हणाल्या, "तुमच्या आईची परीक्षा तिच्या वर्गात घ्यायची. तुम्ही या. मग हिचा अहवाल हवा तर फाडून टाका." दिनेशने सुट्टी टाकली.

मिठागरावर ऊन चढलं होतं. बांधावरून आजी वॉकर घेऊन निघाली आणि दहा पावलांत वॉकरचे पाय चिखलात रुतून बसले. तिने तो तिथेच सोडून दिला. खाली रांग तुडवत होती. आजीला पाहून रांग थांबली. कुणीतरी ओरडलं, "काकी आयली!"

बाई बांधावर बसल्या. मिठागराकडे पाठ, खाडीकडे तोंड. मला म्हणाल्या, "हाताच्या अंतरावर राहा. हात लावू नकोस."

दिनेश म्हणाला, "आई, नको. मी सांगतो नको." आजी त्याच्याकडे वळली. "तू बग," एवढंच म्हणाली, आणि दोघीजणींच्या मधे उतरली.

तिचं पहिलं पाऊल पडायला जो वेळ लागला त्यात माझी सगळी फिजिओथेरपी माझ्या डोळ्यांपुढून गेली. खुबा निसटला तर? परत तेच हाड? मी घाईघाईने बूट काढले, तिच्या मागोमाग चिखलात पाऊल टाकलं, आणि त्याच क्षणी आकाश दिसलं. मी उताणी पडले होते. कानात चिखल गेला. सगळी रांग हसत सुटली, आणि त्या हसण्यात हिराआजीचा आवाज सगळ्यांत वर होता. "टाच टाकलीस गो! टाच टाकलीस!"

बांधावरून, मान न वळवता, बाईंनी विचारलं, "पडली ती आपलीच ना?"

"व्हय!" आजी ओरडली. "तुमचीच!"

"मग चालू द्या."

मी उठून बसले तोवर आजी चालत होती. माणसांनी भरलेल्या त्या रांगेतून सुटून, एकटी, सपाट पावलं टाकत, बोटांनी विचारत. चार पावलं टाकून थांबायची, पुढे जायची. कोपऱ्यात पोचली आणि एका जागी दोनदा पाय दाबून म्हणाली, "हिकरं कच्चा हाय." रांग गुपचूप तिकडे सरकली आणि तो कोपरा तुडवायला लागली. मी तशीच चिखलात बसून रडले. हसू आणि रडू एकदमच येत होतं आणि मला त्यातलं काही थांबवायचं नव्हतं.

दिनेश बांधावर उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने रुतलेला वॉकर ओढून काढला, खाडीच्या पाण्यात स्वच्छ धुतला आणि गाडीत नेऊन ठेवला. मला म्हणाला, "ताई, काय लिहायचं ते लिहा. मी गावच्या घराला न्हाणीपर्यंत दांडा बसवून घेतो." आजीला म्हणाला, "रोज फोन करशील?" आजी म्हणाली, "तूच कर, माजं हात चिखलाचं असतान."

बाईंना हात द्यायला मी बांधावर गेले. त्यांच्या मांडीवर वालाचं भांडं होतं. त्यात एकही वाल सोललेला नव्हता. ओढणीचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं ते पिळून दोरीसारखं झालं होतं. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की बाईंना पाठ फिरवून बसणं सोपं जातं. त्यांच्या त्या मुठीकडे पाहिलं आणि त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. चिखलाच्याच अंगाने.

अहवालावर मार्गदर्शकाच्या नावाच्या रकान्यात बाईंनी हिराआजीचं नाव लिहिलं आणि स्वतःची सही 'साक्षीदार' म्हणून केली. ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं, "या कोण? शिक्षण काय यांचं?" मी म्हटलं, "मिठागर." पुष्कळ खळखळ झाली, पण पास झाले.

त्याला आता तीन वर्षं झाली. रोह्यात माझा छोटा दवाखाना आहे. तिथे खुर्च्या आहेत, तेवढं धैर्य माझ्यात नाही. पण शिकाऊ मुलगी काम करायला लागली की मी खिडकीकडे तोंड करून बसते. अजून मला फारसं काही ऐकू येत नाही.

मध्यंतरी बाईंचा फोन आला. बाई फोन कधीच करत नाहीत. "ये," म्हणाल्या. "वाल भिजवून आण."

गेले. जेवणं झाली. बाई उठल्या, आणि उठताना त्यांचा हात जमिनीला टेकला. "आज पण" त्या म्हणाल्या नाहीत. मी पानं उचलत राहिले.

"ठेव ते," बाई म्हणाल्या. "पाठ करून बस."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. हातात वाल घेतले. मागे बाई स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालल्या, वळल्या, परत आल्या. तेवढ्या वाटेत माझे हात तीनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले ते पुन्हा चालले नाहीत.

"सांग."

"डावं पाऊल उशिरा येतं, बाई. घासतं. आणि वळताना तुम्ही भिंतीला हात लावता. घड्याळाचा पट्टा वाजला."

मग बाई म्हणाल्या, "पार्किन्सनची सुरुवात आहे. मेंदूच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं. त्यांना मशीन लागलं." त्या आवाजात चक्क आनंद होता. मी वळले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे सरळ बघत होत्या. मी इतक्या दिवसांत त्यांचे डोळे कधी नीट पाहिलेच नव्हते. घारे होते.

"भाचा म्हणतो पुण्याला चल, चोवीस तास बाई ठेवतो. म्हणजे देखरेख झाली. अभ्यासाचं काय?" असं म्हणून त्यांनी ओढणी खोचली. "माझे पाय आयुष्यभर टाइल्सवर शिकलेत. हिराबाई विद्यार्थी घेतात का, विचार."

हिराआजीने विद्यार्थी घेतला. मागच्या गुरुवारी मी बाईंना खाडीकडच्या गावात घेऊन गेले. तळ तुडवायचे दिवस होते. आजीने बाईंच्या चपला काढून बांधावर नीट जोडून ठेवल्या आणि त्यांना कोपराला धरून खाली उतरवलं. दिनेशने दोन्ही बाजूंना बांबू आधीच बांधून ठेवले होते. मला बाईंनी काही सांगितलं नाही. मी आपणहून बांधावर बसले, मिठागराकडे पाठ, खाडीकडे तोंड. मांडीवर वाल.

भरती चढत होती. मागे चिखलात दोन बायांची पावलं. एक सपाट, सावकाश, खात्रीची. एक उशिरा येणारी, घासणारी, थांबणारी. मला वळून बघायचं होतं. ओढणीचा पीळ किती घट्ट बसतो ते मला त्या दिवशी माझ्याच हातात कळलं.

मग आजीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"टाच नको टाकू गो! किती येला सांगू तुना?"

आणि मागून बाई म्हणाल्या, "बरं बाई."